थंडी, अकरावा मजला आणि सव्वादोन वर्षांची लेक

काकू, आम्ही वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. लेक सव्वादोन वर्षांची आहे. नवरा सकाळी नऊला हिंजवडीला जातो, मी घरूनच काम करते आणि दिवाळीपासून सासूबाई आमच्याकडे आल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये लेकीला लागोपाठ दोनदा सर्दी-खोकला झाला. तेव्हापासून 'गारठ्यात पोर बाहेर काढायचं नाही' असं सासूबाईंनी ठरवलंय. दारं-खिडक्याही दिवसभर लावलेल्या असतात. कपाटभर खेळणी आहेत, पण पाच मिनिटांत सगळी फेकून देते. मी रात्री जागून रंगीत तांदूळ, कागदी फुलं, चिकटवायचे आकार करून ठेवते, ते दोन मिनिटांत उधळते. शेवटी मोबाईल हातात देते. आता मोबाईलशिवाय घास गिळत नाही. दिवसाचे तीनेक तास तरी होत असतील. हिला दिवसभर घरात गुंतवून कसं ठेवू? मी आई म्हणून कमी पडतेय का? आणि मोजे घातले की लगेच ओढून काढते, ते वेगळंच.
— एक दमलेली आई, वाकड

अगं, तू मला काकू म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तुला मोकळेपणाने अगं-तुगं करते. सव्वीस वर्षं मी बालवाडीत याच वयाची पोरं सांभाळली आहेत, तेव्हा तुझं घर मला डोळ्यांसमोर दिसतंय. सगळ्यात आधी एक काम कर. रात्री जागून रंगीत तांदूळ करणं आजपासून बंद. तू दोन तास खपून काहीतरी मांडतेस आणि ती ते दोन मिनिटांत उधळते, तेव्हा तुझं मन मोडतं आणि तिच्या पदरी आईचा राग पडतो. तिचं काहीच चुकत नाही. या वयात उधळणं हाच खेळ आहे. वर नेलेली वस्तू खाली पडते, सांडलेलं पसरतं, फेकलं की आवाज होतो, हे ती रोज नव्याने तपासून बघत असते. आणि एका गोष्टीत पाच-सात मिनिटं रमली तर ते या वयाला भरपूर आहे.

तुझ्या पत्रातला 'गुंतवून ठेवणं' हा शब्द मला टोचला. सव्वादोन वर्षांच्या मुलाला बाजूला बसवून गुंतवून ठेवायला गेलं की आपण दमतो. त्याला सोबत कामाला घेतलं की दिवस निघतो. या एका गोष्टीवर माझा पक्का विश्वास आहे आणि खाली जे काही सांगणार आहे ते सगळं त्यातूनच येतं.

पण आधी थंडीचं बघू, कारण निम्मा गुंता तिथे आहे.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, काही दिवस त्याच्याही खाली जातो. १७ जानेवारी १९३५ ला तर तो १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण त्याच दिवसांत दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत ऊन तापतं. आपल्याकडची थंडी ही सकाळ-संध्याकाळची थंडी आहे. दिवसभर दारं लावून बसावं अशी ती नाही. सासूबाईंचं म्हणणं सकाळपुरतं अगदी खरं आहे आणि त्याला गारठ्यापलीकडचंही कारण आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. त्यामुळे गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, वॉचमनच्या शेकोट्या, कुठे जाळलेला पाला, सगळं खालीच कोंडून राहतं. ऊन तापलं की ते झाकण सुटतं. तुमच्या भागात तर दर चार पावलांवर इमारत उभी राहतेय. म्हणून सकाळी सात-आठला लेकीला खाली नको, हे बरोबरच. अकरा-साडेअकराला मात्र जरूर न्यायची. दुपारी चारच्या पुढे ऊन कलेपर्यंत आणखी एकदा.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. 'आई, सकाळी नको म्हणता ते बरोबर आहे. अकरा वाजता उन्हात तुम्हीच तिला अर्धा तास खाली घेऊन जाता का? तुम्हालाही ऊन मिळेल,' असं विचारून बघ. नातीला बाहेर काढायला घाबरणाऱ्या आज्या तिला स्वतःच्या हाताने उन्हात न्यायला एका पायावर तयार होतात, हे मी बालवाडीच्या दारात पुष्कळदा पाहिलंय.

आणि सर्दीचं म्हणशील तर ती विषाणूंमुळे होते. बंद खोलीत, जिथे चार माणसं एकच हवा घेतात, तिथे ते विषाणू सहज पसरतात. थंडीत सर्दी जास्त दिसते त्याचं एक कारण हेच, की आपण सगळे दारं लावून आत बसतो. म्हणून दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड आणि हवा खेळू दे. हिवाळ्यात मॉलमधल्या खेळण्याच्या जागेपेक्षा बाग कधीही बरी. रविवारी एम्प्रेस गार्डनमध्ये न्या, जुनी मोठी झाडं आहेत, खाली वाळक्या पानांचा सडा असतो. त्यात पाय घासत चालायला मिळालं की या वयाच्या मुलांना आणखी काही लागत नाही. फक्त जानेवारीच्या अखेरीस तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, त्या दिवसांत तिच्या वाट्याला माणसांचे पाय तेवढे येतील, तेव्हा टाळा.

खोकला साधा आहे की नाही, हे घरी ओळखायची एक खूण सांगून ठेवते. ती शांत असताना किंवा झोपेत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोज. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, पाणीसुद्धा पीत नसेल, मलूल पडून असेल, तर काढे-लेप करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. एरवी नाक वाहतंय, पण पोर हुंदडतंय, तर तिला हुंदडू दे.

आता घरातल्या तासांकडे वळू.

तुझं लॅपटॉपचं काम सुरू होण्याआधी वीस मिनिटं फक्त तिची. मोबाईल दुसऱ्या खोलीत. तू जमिनीवर बसायचं, शिकवायचं काहीच नाही, ती जे करेल त्यात सामील व्हायचं. आपडी-थापडी खेळा, पाठीवर घेऊन घोडा घोडा करा, नुसती मांडीवर लोळू दे. हे तुला वेळ वाया घालवल्यासारखं वाटेल. पण ज्या मुलाचं सकाळी आईने पोट भरलेलं असतं (मी मायेच्या पोटाबद्दल बोलतेय), ते नंतरचा तासभर आजीजवळ बऱ्यापैकी स्वस्थ राहतं. उलट सकाळपासून अर्ध्या लक्षाने 'हो गं, थांब गं' ऐकलेलं मूल दिवसभर पायांत घोटाळत राहतं.

मग स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हिवाळ्यात स्वयंपाकघरात तिच्या हाताला जेवढं काम असतं तेवढं वर्षात कधीच नसतं. मटार आलाय, मेथी आलीय, गाजरं, ओला हरभरा, पावटा, घेवडा, सगळं एकदम. सासूबाई भाजी निवडायला बसतात तेव्हा लेकीला समोर बसव. गॅस, विळी, मिक्सर यांपासून लांब, हॉलमध्ये जमिनीवर, खाली एक जुनी चादर अंथरून. चादर महत्त्वाची. सगळं सांडलं तरी चार टोकं धरून उचलायचं आणि परातीत ओतायचं, म्हणजे झाडू घेऊन धावायला लागत नाही आणि तुमच्या तोंडून 'अगं सांडू नको'ही निघत नाही.

मटाराची शेंग तिला आधी उघडता येणार नाही. शेंगेची शिवण तुम्ही अंगठ्याने दाबून उकलून द्या, आतले दाणे ती बोटाने ढकलून वाटीत पाडेल. टप्प, टप्प. त्या आवाजाची काय गंमत असते ते तिच्या तोंडाकडे बघूनच कळेल. दहा शेंगांना अर्धा तास लागेल, लागू दे. कच्चा दाणा तोंडात टाकायचा झालाच तर बोटांनी चेपून द्या, अख्खा गोल दाणा घशात अडकू शकतो. मेथीची पानं खुडणं तर या वयासाठीच असावं इतकं सोपं आहे. काड्या राहिल्या तरी राहू देत, नंतर तिच्या नकळत काढा. आणि दुपारी जेवताना 'ही मेथी कुणी निवडली?' असं सगळ्यांसमोर विचारा. आमच्या बालवाडीत एक मुलगी हिरव्या भाजीला तोंड लावायची नाही. सलग चार दिवस तिने पालक धुतला, पाचव्या दिवशी न सांगता खाल्ला. दर मुलाच्या बाबतीत असं घडेल असं मी म्हणत नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

पोळ्यांच्या वेळी कणकेचा लिंबाएवढा गोळा तिच्या हातात दे. त्यात चिमूटभर हळद मळली तर एक रंग, बिटाचा थोडा रस घातला तर दुसरा. ती थापेल, बोटं खुपसेल, चमच्याने ठसे उमटवेल, वाटीने गोल कापेल. कच्ची कणीक खाऊ मात्र देऊ नकोस, पोट बिघडतं. डब्यातली महागडी रंगीत माती आणायची काहीच गरज नाही.

ओतणं हा या वयाचा सगळ्यात मोठा नाद. परातीत दोन वाट्या तांदूळ, एक पेला, एक डाव, एक चहाची गाळणी, एवढंच दे. या भांड्यातून त्या भांड्यात, पुन्हा परत. तेच तांदूळ धुऊन रोजच्या भातात घालता येतात. राजमा, छोले, वाटाणे, शेंगदाणे मात्र खेळायला नकोत. मुलं ते नाकात-कानात घालतात, तिथल्या ओलाव्याने दाणा फुगतो आणि मग तो काढायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पळावं लागतं.

या साध्या वस्तूंवर माझा एवढा भर का, ते सांगते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ, ज्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालवल्या. मोंटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण ते साहित्य महाग. मग त्यांनी गावातल्याच वस्तू घेतल्या. बिया, पानं, खडे, शंख-शिंपले. आदिवासी पाड्यांवरची मुलं त्यांतून मोजायला, निवडायला, जुळवायला शिकली. आमच्या बाईंनी आम्हाला हेच शिकवलं. मुलाच्या हाताला वस्तू खरी लागते, वजनाची, वासाची, खरखरीत-गुळगुळीत. प्लास्टिकची दहा खेळणी हातात धरून बघ, सगळ्यांचा स्पर्श एकच. तुळशीबागेतली भातुकली गोड दिसते, मीही नातीसाठी आणली. पण तिला ओट्यावरचीच वाटी हवी असते, कारण आई ती वापरते.

कपाटातल्या खेळण्यांपैकी चार-पाच बाहेर ठेव, बाकी पिशवीत भरून माळ्यावर. पंधरा दिवसांनी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेलं जुनं खेळणं नव्यासारखं दिसतं.

कपड्यांचं कामही तिला दे. धुतलेले हातरुमाल बादलीतून एकेक काढून तुझ्या हातात देईल, दांडीवर तू टाक. वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावेल, निम्म्या चुकतील. चिमटे डब्यात टाकेल. बाल्कनीत मात्र कठड्याजवळ स्टूल, कुंडी, उलटी बादली असं चढता येईल असं काहीही नको आणि तिला तिथे एकटी सोडू नकोस. अकराव्या मजल्यावर राहतेस, म्हणून हे हात जोडून सांगते.

पाण्याचा खेळ थंडीत बंद करतात, तो बंद करू नकोस, फक्त वेळ बदल. सकाळी सातला कुडकुडत आंघोळ घालण्याऐवजी अकराच्या उन्हातून आल्यावर, अंगाला तेल चोळून, कोमट पाण्यात घाल. टबात पेला, गाळणी, स्पंजचा तुकडा दिला की पंधरा-वीस मिनिटं निघतात. तू किंवा सासूबाई पूर्णवेळ शेजारी बसायचं. वीतभर पाण्यातसुद्धा एवढं मूल बुडू शकतं, म्हणून खेळ झाला की बादली, टब लगेच रिकामा. आणि तुमच्याकडे बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर पाणी काढून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा, मगच तिला आत न्या. कोंदट बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

आता अंगातल्या मस्तीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. या वयाच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी असं त्यात आहे. तीन तास! अकराव्या मजल्यावर बंद खिडक्यांमागे ते कुठून होणार? तुझी लेक वस्तू फेकते, सोफ्यावरून उड्या मारते, ते या न खर्च झालेल्या ताकदीमुळेच. म्हणून घरातच तिला घाम येऊ दे. गाद्या-उशांचा डोंगर रच, चढू दे, घसरू दे. गोधडीत तिला गुंडाळून 'पोळीचा रोल' कर आणि सोडव. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात जुनी मासिकं भर, तो ती हॉलभर ढकलत फिरेल. जड वस्तू ढकलल्या, ओढल्या, उचलल्या की मुलं बरीच शांत होतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. दोन मजले जिना चढवून आण, हात धरून. टेबलावर चादर टाकून घर कर आणि तिला आत बसून एकटीला काहीतरी पुटपुटत राहू दे. ती कंटाळली दिसली तरी लगेच धावू नकोस. दोन-चार मिनिटं रेंगाळली की तिचं तिलाच काहीतरी सुचतं.

इथे एक पोटतिडकीचं. थंडीत ट्रंकेतून स्वेटर, गोधड्या निघतात आणि त्यांच्या घडीत डांबरगोळ्या असतात. पांढऱ्याशुभ्र, पेपरमिंटसारख्या. मुलाच्या खेळात ती गोधडी देण्याआधी झटकून, उन्हात टाकून, एकेक गोळी शोधून काढ. पोटात गेली तर विषबाधा होते. तसंच सर्दीसाठी गळ्यात किंवा उशाशी ठेवलेली कापराची पुरचुंडी. नुसत्या ओव्याची असेल तर ती तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कापूर मात्र काढून टाका, थोडा जरी गिळला गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. सासूबाईंना हे सांगताना 'आई, ओवा राहू द्या, फक्त कापूर नको' असं म्हण, म्हणजे त्यांचा मान राहील.

संध्याकाळचा सात ते आठ हा तास नवऱ्याचा. तो दमून येतो हे कबूल, पण तूही दिवसभर बसलेली नसतेस. हा तास त्याने तिच्याशी कुस्ती खेळायची, खांद्यावर घेऊन घरभर फिरायचं, चादरीचं एक टोक त्याने आणि एक तू धरून तिला झोका द्यायचा, गादीच्या वर आणि जमिनीपासून वीतभरच उंच. अंगातली मस्ती आठच्या आत जिरली की झोपही वेळेवर लागते. या वयाला दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. तिची मोजून बघ, कमी पडत असेल तर चिडचिडीचं अर्धं कारण तिथेच सापडेल.

राहिला मोबाईल. त्याच सूचनांमध्ये दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हटलंय आणि तोही जितका कमी तितका चांगला. दोनच्या आत तर नकोच. तू तीन तासांवर आहेस. एकदम शून्यावर आणायला जाऊ नकोस, मोडून पडशील. जेवणापासून सुरुवात कर, कारण जेवताना मोबाईल असला की पोट भरलंय की नाही हेच तिला कळत नाही, तोंड उघडतं आणि घास जातो. आधी फक्त दुपारचं जेवण निवड. तिचं ताट, तिचा चमचा, जमिनीवर पाट, सासूबाई आणि तू सोबत जेवायला. वरणभात, वर तुपाची धार, बाजूला तिनेच निवडलेली भाजी. ती मोबाईल मागेल, रडेल, ताट ढकलेल. वीस मिनिटांनी ताट उचला, रागावू नका, चुचकारत मागे धावू नका. पुढच्या वेळेपर्यंत बिस्किटंही नकोत. पहिले तीन-चार दिवस ती कमी खाईल. धडधाकट मूल भुकेलं राहून स्वतःचं नुकसान करून घेत नाही, फक्त पाणी पीत राहिली पाहिजे. या चार दिवसांत घरातल्या कुणीही, अगदी आजोबांनी फोनवरूनही, 'दे गं तिला थोडा वेळ' म्हणायचं नाही, हे आधीच ठरवून ठेव. आणि मोठ्यांचे मोबाईलही त्या वेळी पानाजवळ नकोत. दुपारचं जमलं की आठवड्याने सकाळचा नाश्ता घ्यायचा.

तुझी एखादी मीटिंग अशी असेल की त्यात आवाज आलेला चालतच नाही आणि सासूबाई देवळात गेल्यात, तर तेवढी वीस मिनिटं टीव्हीवर एखादं संथ गाणं लावून दे. हातातल्या मोबाईलपेक्षा लांबचा टीव्ही बरा, तिला स्वतःला बोटाने पुढे-पुढे सरकवता येत नाही. त्याबद्दल स्वतःला अपराधी मानू नकोस. तू कमी पडतेयस का, असं विचारलंस. पूर्वी या वयाचं मूल वाड्यात चार घरांत मिळून वाढायचं, कुणाच्या तरी ओट्यावर बसून शेंगा खायचं. तुमच्याकडे तेच काम तीन माणसांवर आलंय, त्यातलं एक दिवसभर बाहेर. मग माणसं थोडी वाढव. तुमच्या मजल्यावर, शेजारच्या विंगमध्ये या वयाची दोन-तीन तरी मुलं असतील. दुपारी चारला एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे, तासभर. दोन आया असल्या की एकीला चहा गरम प्यायला मिळतो.

त्यासाठी बोरनहाण हे आयतं निमित्त आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, सव्वादोन वर्षांची म्हणजे अजून तिचं वय आहे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सासूबाईंनाही हौस असेल. मजल्यावरच्या मुलांना बोलाव. फक्त डोक्यावरून ओतायच्या जिनसा बदल. चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या भरपूर, बोरं मोजकी आणि मोठी. गोळ्या, छोटी चॉकलेटं, शेंगदाणे, हरभरे, उसाचे करवे नकोत, खाली बसलेलं पोर ते गोळा करून सरळ तोंडात टाकतं. हलव्याचे दागिनेही फोटो झाले की काढून ठेवा, काटेरी साखरेचा दाणा ती चोखणारच आहे. चुरमुऱ्यांचा सडा उचलण्याआधी सगळ्या मुलांना त्यात अर्धा तास बसू दे, वाट्या दे. तुझे रंगीत तांदूळ जे करू शकले नाहीत ते चुरमुरे करतील.

आता तुझा मोज्यांचा प्रश्न. दिवसा घरात ती मोजे काढते ते काढू दे. तुमच्या घरात गुळगुळीत फरश्या असणार, त्यांवर मोजे घालून धावणारं मूल सपशेल आपटतं. अनवाणी पायाची बोटं जमीन धरतात. सकाळी फरशी फारच गार लागत असेल तर हॉलमध्ये सतरंजी टाक आणि अंगात एक जाड कपडा घालण्याऐवजी दोन पातळ घाल, म्हणजे दुपारी एक उतरवता येतो. तिला गार लागतंय का हे हातापायांवरून ठरवू नकोस, ते थंडच असतात. मानेखाली पाठीला हात लावून बघ. तिथे ऊब असेल तर तिला पुरेसं आहे. रात्री गाढ झोपली की हळूच मोजे चढव, तेव्हा ती काढणार नाही.